ज्यानं शिकवलं त्यानं तपासायचं नाही

पडदा वर जातो तेव्हा समोर बॅडमिंटनचं कोर्ट दिसतं. ब्लँचर्डस्टाउन या परदेशातल्या गावचा सार्वजनिक हॉल, शनिवार, सकाळचे दहा. जाळी गुंडाळून कोपऱ्यात उभी. कोर्टावर सतरंज्या अंथरल्या आहेत आणि त्यांवर साठेक मुलं मागेपुढे डोलत कुराण वाचताहेत. शेजारच्या काचेच्या दाराच्या खोलीत एक टेबल, चार खुर्च्या, स्टीलच्या वाटीत तीस चिठ्ठ्या. त्या वाटीपाशी मी.

मला अरबीचं एक अक्षर येत नाही. म्हणूनच तर मला बोलावलं होतं.

बोलावणारी जुबेदा परकार, मूळची खेडची. माझी सून केतकी आणि ती एकाच कारखान्यात आहेत. रक्तवाहिनीत बसवायच्या बारीक जाळ्या तिथं बनतात, आणि जुबेदा त्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासते. केतकी सांगते, "आई, मैत्रिणीनं केलेला अख्खा ट्रे ही बाई नापास करते आणि मग तिच्याच शेजारी बसून डबा खाते."

सुट्टीच्या दिवशी ती हा मदरसा सांभाळते. हजेरी, शिक्षकांची पोलीस पडताळणी, आईबापांच्या तक्रारी, हॉलच्या किल्ल्या, सगळं तिच्याकडे. गेल्या वर्षापर्यंत प्रगती मोजायची रीत सोपी होती: मुलाचे किती पारे झाले? कुराणाचे तीस पारे म्हणजे तीस भाग. ते वाचून झाले की 'आमीन' करायची. मूल नवे कपडे घालून चारचौघांत वाचतं आणि पाहुण्यांना जेवण असतं. पण आमीन झालेल्या एका मुलाला जुबेदानं मधलंच पान उघडून दिलं आणि त्याला एक शब्द वाचता आला नाही. त्यानं सगळं कानानं उचललं होतं. तेव्हापासून आमीनच्या आधी परीक्षा. परक्या माणसानं चिठ्ठी काढायची, त्या आकड्याचा पारा उघडायचा, मुलानं वाचायचं.

त्या दिवशी पाच मुलं होती. चौघं पास झाली. पाचवी आफिया, जुबेदाची दहा वर्षांची लेक. तिची आमीन पुढच्या रविवारी. दीडशे माणसांना आमंत्रणं गेली होती आणि त्यासाठीच खेडहून आलेले तिचे आजोबा, म्हणजे जुबेदाचे सासरे दाऊदभाई, टोपी घालून माझ्या शेजारी बसले होते.

"मी बाहेर थांबते," जुबेदा म्हणाली. "आईनं आत बसायचं नाही."

"तुझेच नियम, तुलाच हद्दपारी," दाऊदभाई हसले.

मी चिठ्ठी काढली. एकोणीस. समोर तिचे शिक्षक बसले होते, कुराण तोंडपाठ असलेले हाफिजसाहेब; त्यांनी पान उघडून पोरीपुढं ठेवलं. सत्तरीचे, अत्यंत मायाळू गृहस्थ. नियमाप्रमाणं परीक्षा दुसऱ्या शिक्षकानं घ्यायची, पण तो तापानं झोपला होता, म्हणून हेच बसले. आफिया त्यांची लाडकी.

पोरगी वाचू लागली. काय आवाज! दाऊदभाईंचे डोळे भरले. माझेही भरायचे, पण माझं लक्ष तिच्या नजरेकडे गेलं. एक ओळ संपली की तिची नजर पानावरून उठायची, समोर जायची, परत यायची.

ही नजर मला पाठ आहे. चिपळूण, दापोली, खेड, तंबूत आणि शाळेच्या पटांगणात मी चाळीस वर्षं नाटकांत उभी राहिले. विंगेतून विसरलेला शब्द पुरवणाऱ्या प्रॉम्प्टरकडे नट अशीच नजर टाकतो. मी हाफिजसाहेबांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. प्रत्येक ओळीचा पहिला शब्द, आवाज न करता.

बोलावं? मी कोण बोलणार? शेजारी आजोबा डोळे पुसत होते.

दार उघडलं. जुबेदानं काचेतून पाहिलं होतं.

"हाफिजसाहेब, जरा खिडकीकडे तोंड करून बसाल?"

"बेटी, तीस वर्षं शिकवतोय मी."

"म्हणूनच विनंती करते."

ते वळले.

"आफिया, पुढची ओळ."

आफियानं ओळीवर बोट ठेवलं. ओठ उघडले, मिटले. बोट तिथंच. "आय डू नो इट, ममा. आय जस्ट नीड द फर्स्ट बिट."

"पहिलंच अक्षर वाच, बाळा."

ती रडू लागली. हाफिजसाहेब खिडकीकडेच बघत म्हणाले, "गुन्हा माझा आहे. इतका गोड गळा, मला वाटलं अक्षरं येतील मागाहून."

दाऊदभाई उठले. "जुबेदा, वेड लागलंय का? घरच्या पोरीला नापास करतेस? पार लांबच्या पोर्टलीशपासून माणसं येणार आहेत. काय सांगू मी त्यांना, आईनंच अडवलं म्हणून?"

जुबेदानं खाली बघून तक्त्यात नाव लिहिलं. पुढच्या रकान्यात काय लिहिते ते मला दिसत होतं: 'पाठ आहे. वाचता येत नाही. पुन्हा पहिल्या अक्षरापासून.' अक्षर सुबक आलं. मग तिनं लेकीला जवळ ओढलं, तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि सासऱ्यांकडे वर पाहिलं.

"फोन मी करते सगळ्यांना, अब्बा. तुम्ही फक्त आजच्या दिवस तिला काही बोलू नका."