दिलशादभाभीकडच्या किल्ल्या

कराड मागे टाकून पाटणच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला आमची गल्ली. गल्लीची स्वतःची बोअर आहे, टाकी आहे, आणि पाणी सुटतं सकाळी अकराला. ही वेळ ज्यानं ठरवली त्याला स्वतःला कामधंदा नसणार. अकराला घरात असतं कोण? कुणी बाजारपेठेत, कुणी कारखान्यावर, कुणी शाळेत शिकवायला. पाऊण तास पाणी चालतं आणि बंद होतं. म्हणून वीसेक वर्षांपासूनची पद्धत अशी की घराला कुलूप लावायचं आणि एक किल्ली दिलशादभाभीकडे टाकायची. पाणी सुटलं की भाभी एकेक घर उघडायच्या, पिंप भरायच्या, कुलूप ओढून बघायच्या आणि पुढच्या घराकडे वळायच्या.

दिलशादभाभी म्हणजे गादीवाल्या चांदसाहेबांची बायको. चांदसाहेब वारले, कापूस पिंजायचं मशीन विकलं, पण भाभी दारात बसून गाद्या शिवत राहिल्या. मान वर केली की त्यांना गल्लीची दोन्ही टोकं दिसायची. दारामागं खिळे मारलेली एक फळी होती आणि फळीवर एकोणीस किल्ल्या. भाभींना वाचता येत नाही. त्यांनी ज्या घरची गादी शिवली, त्या गादीच्या कापडाची चिंधी त्या घरच्या किल्लीला बांधलेली. माझ्या किल्लीला निळ्या पट्ट्यांची होती. वीस वर्षांत एकदाही चुकीची किल्ली चुकीच्या कुलपात गेली नाही.

गल्ली म्हणाल तर सगळ्या प्रकारची. पोरांच्या शाळेसाठी मळ्यातून इथं येऊन बंगले बांधलेले ऊसवाले, माझ्यासारखे चार फौजी, पाटणच्या बाजूचे भाडेकरू, तीन मुसलमान घरं, एक कानडी बेकरीवाला. नवा भाडेकरू आला की विचारायचा, एरिया कसा आहे? आम्ही म्हणायचो, भाभींकडं किल्ली टाका आणि निवांत राहा. यापलीकडे आम्हाला कुणी कधी काही विचारलं नाही.

मग दोन वर्षांपूर्वी लांबच्या एका गावात मोबाईलच्या स्टेटसवरून दगडफेक झाली. इंटरनेट बंद झालं. आमच्या गल्लीत साधी काचसुद्धा फुटली नाही. पण इंटरनेट सुरू झालं त्याच संध्याकाळी आप्पासोंनी 'सुरक्षित गल्ली' नावाचा ग्रुप काढला. आप्पासो दूध संघातून रिटायर झालेले, हाताला काम नाही. महिन्याभरात त्यांनी गल्लीत दोन कॅमेरे लावले. त्यातला एक भाभींच्या दारावरच येतो. आप्पासो म्हणाले, खांब तिथंच आहे, त्याला मी काय करू?

किल्ल्या परत मागायला कुणी भांडून गेलं नाही. सगळे गोड बोलून गेले. एकीची सासू कवठे महांकाळहून कायमची राहायला येणार होती. ती अजून आलेली नाही. एकानं टाकीला आपोआप बंद होणारा कॉक बसवला. खुद्द आप्पासो म्हणाले, आमची हरवली, तेवढी द्या जरा, उद्या आणून देतो. भाभी प्रत्येकाला किल्ली काढून द्यायच्या आणि वर विचारायच्या, "सासूबाईंची तब्येत बरी हाय न्हवं?"

त्यांचा मुलगा यासीन सांगलीला सोफ्याच्या कारखान्यात आहे. तो दर महिन्याला येऊन म्हणायचा, अम्मी, चल. भाभींचं उत्तर ठरलेलं होतं. "लोकांच्या किल्ल्या हायत माज्याकडं. त्या टाकून कशी येऊ? पानी कोन भरंल?" मग किल्ल्या दहा राहिल्या, चार राहिल्या. गेल्या गणपतीनंतर एकच राहिली, निळ्या पट्ट्यांची. यासीननं एकदा मला रस्त्यात गाठलं. म्हणाला, "चाचा, तुमची किल्ली हाय तोवर अम्मी हालायची न्हाई." हे तक्रारीनं म्हणाला की आभारानं, मला समजलं नाही. भाभी गल्लीत राहणार की जाणार, हे माझ्या एका किल्लीवर आलं होतं, एवढं मात्र स्वच्छ कळलं.

मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करतो. चोवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, सगळे मला सुभेदार म्हणतात. चारचौघांत मी दोनदा छाती पुढं काढून बोललो, की माझी किल्ली कुठं जात नाही.

दसऱ्याला दिग्विजय, माझा मुलगा, पुण्याहून आला. सूनबाईंच्या बाळंतपणासाठी बायको त्याच्याकडेच आहे, इथं मी एकटाच. त्यानं ग्रुप वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाला, "पप्पा, कुलूप बदला." मी ओरडलो. तो ओरडला नाही, तीन दिवस फक्त तेच म्हणत राहिला. चौथ्या दिवशी मी बाजारात जाऊन नवं कुलूप घेतलं. त्याच कंपनीचं, त्याच मापाचं, लक्षात येऊ नये म्हणून. जुनी किल्ली भाभींकडेच राहू दिली. परत मागायची भीड वाटली, आणि मागितली असती तर त्या गेल्या असत्या. त्यांना म्हणालो, मी आता घरीच असतो, पाणी मीच भरतो, किल्ली अडीअडचणीला राहू द्या. त्यानंतर रोज अकराच्या ठोक्याला मी घरात हजर. पलटणीतसुद्धा इतकी वेळ पाळली नव्हती.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी साताऱ्याला जावं लागलं. गल्लीची मोटर जळाली होती, दोन दिवस पाणी नव्हतं. आजही येणार नाही असं धरून मी निघालो. रांगेत उभा असताना खिशात फोन थरथरला. ग्रुपवर व्हिडिओ होता.

माझ्या दारात भाभी होत्या. किल्ली घालत होत्या, फिरवत होत्या, काढून पदराला पुसत होत्या. मग निघून गेल्या. परत आल्या त्या हातात शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊन. कुलपात तेल सोडलं, थांबल्या, पुन्हा किल्ली घातली. खाली आप्पासोंनी लिहिलं होतं, 'सुभेदार, हे आपल्या परवानगीने चालले आहे का?' त्याखाली सात-आठ जणांचे हात जोडलेले, अंगठे, आणि एकाचं 'लक्ष असू द्या.'

एक ओळ पुरली असती. किल्ली मीच दिली आहे, एवढंच. पण मग कुणीतरी विचारणार, मग कुलूप उघडत का नाही? ओळ लिहिली, पुसली. पुन्हा लिहिली, पुन्हा पुसली. तेवढ्यात माझा नंबर आला. मशीनवर अंगठा ठेवला, मी जिवंत असल्याचं निघालं. फोन खिशात घातला तो पुन्हा काढलाच नाही. लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. मुंग्या आलेल्या पायाला चिमटा काढावा आणि काही कळू नये, तसं झालं होतं.

चारला परतलो. माझ्या दाराशी दोन भरलेल्या कळश्या, वर ताटल्या झाकलेल्या. समोर भाभी शिवत बसलेल्या.

"भाऊ, तुमचं कुलूप बिगाडलंय बगा. लय त्याल सोडलं, किल्ली फिरंना. आज मोटर सुरू जाली, पानी आलं हुतं. तीन दिसांनी आलेलं, तुमची पिंपं कोरडी असत्याल म्हून माज्यातलं दोन कळश्या ठिवल्यात."

"व्हय, अडकतंय ते," मी म्हणालो.

"लावा तुमची, बगू." भाभी सुई गादीत टोचून उठल्या आणि माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं. पण मी खिशातून किल्ली काढली. कुलूप तेलानं ओलं होतं, बोटांना लागलं. किल्ली आत गेली, फिरली, आणि कुलूप एका दमात उघडलं.

भाभींनी कुलुपाकडं पाहिलं. मग माझ्या हातातल्या किल्लीकडं पाहिलं.

"त्याल लागू पडलं म्हनायचं," त्या म्हणाल्या.

घरात गेल्या, फळीवरची शेवटची किल्ली काढून आणली आणि माझ्या हातावर ठेवली. "ही ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. मला आता गुडग्यामुळं उठबस हुत न्हाई." दोन वर्षं त्या किल्ल्या परत देताना दुसऱ्यांची कारणं ऐकून घेत आल्या होत्या. आज कारण त्यांनीच दिलं, माझी वेळ निभावून नेण्यासाठी. मी मूठ मिटली आणि बरं म्हणालो. राहा, असं म्हणालो नाही.

रविवारी यासीन टेम्पो घेऊन आला. मी खिडकीत होतो. शिलाई मशीन, पत्र्याची ट्रंक, गाद्यांचा गठ्ठा चढताना दिसला. पाच मिनिटांत ग्रुपवर टेम्पोचा फोटो पडला. आप्पासोंनी लिहिलं होतं, 'सांगली पासिंगची अनोळखी गाडी गल्लीत उभी आहे. कुणाची?'

या वेळी मी लगेच उत्तर दिलं. 'ओळखीची आहे. सामान न्यायला आली आहे.'

आप्पासोंनी अंगठा पाठवला.