उकंडरावांनी दिलेली माती

लोकांपुढे मांडायचं ते उत्तमच मांडायचं, असा उकंडरावांचा स्वभाव. घरात अंबाडीची भाजी असली तरी ओट्यावर येऊन ढेकर पुरणपोळीचा द्यायचे. मोताळ्याच्या बाजारात कोणी पीकपाणी विचारलं, की त्यांच्या शेतातली पोचट कणसंसुद्धा तिथल्या तिथं भरायची.

त्या साली गावोगाव हायब्रीड ज्वारीचं वारं सुटलं होतं. ग्रामसेवक रंगराव घरोघरी कापडी पिशव्या वाटत फिरत होते. "शेतात चार-पाच जागी खणा, ती माती एकत्र कालवा आणि त्यातली शेरभर द्या. तपासून सांगतील, खत कोणतं आणि किती घालायचं ते."

उकंडरावांचं शेत टेकाडाला लागून, सगळं मुरमाड. ते शेतात गेलेच नाहीत. गोठ्यामागच्या खताच्या खड्ड्यातली काळी, मऊ माती त्यांनी पिशवीत भरली.

"अहो, हे काय करून राह्यले? शेतातली मागतली ना त्यायनं?" बायको तानुबाई म्हणाली.

"सरकारले काय मुरूम पाठवू? माती पाहून सायब खुश झाला पाह्यजे!"

वैद्यापुढे दुसऱ्याचा हात धरला तर औषध कोणाला लागू पडणार? पण हे उकंडरावांना सांगणार कोण! पिशवी गेली आणि ते विसरूनही गेले, कारण थोरल्या लेकीचं, कोकिळेचं लग्न जमत नव्हतं. दोन स्थळं फिसकटली होती. तिसरं चिखलीकडच्या हिंमतरावांच्या मुलाचं आलं, तेव्हा उकंडरावांचा जीव टांगणीला लागला.

मुलगी पसंत पडली. हिंमतराव बशीत चहा ओतत होते, आता सुपारी फोडायचीच बाकी होती, तेवढ्यात रंगराव अंगणात आले आणि चारचौघांत बोलून गेले, "उकंडराव, तुमच्या मातीत क्षार भयंकर निघाले. पीक जळून जाईल. त्या शेतात यंदा काही पेरूच नका."

हिंमतरावांची बशी ओठाशीच थांबली. "पेरूच नका? मंग हे खातात काय?"

गप्प बसावं तर सोयरीक मोडते, खरं बोलावं तर इज्जत जाते. शेवटी उकंडरावांनी इज्जतीवर पाणी सोडलं.

"शेत पिकते हो! मुरमाड हाये, पण पिकते. थे माती म्या खताच्या खड्ड्यातली देल्ली होती."

हिंमतरावांनी बशी खाली ठेवली. "अन् पोरगी? ते तरी घरचीच दाखवली ना?"

"घरचीच हो!" उकंडराव कळवळले, आणि एकदा तोंड उघडलं ते मिटेचना. "सतरंजी देवळातली हाये, कपबशा शेजारच्या अब्दुल गनीच्या, दारातली बैलजोडी शेषरावची. पण पोरगी माही हाये!"

आत तानुबाईनं कपाळावर हात मारून घेतला. हिंमतरावांना हसता हसता ठसका लागला. डोळे पुसत त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला.

"मंग सुपारी तरी आमची फोडा," ते म्हणाले, "थे म्या घरून आणली हाये."