तिसरी मूठ

आमच्या घरात श्रावणात गव्हाच्या मुठी धरतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांना आम्ही रोट म्हणतो, आणि ते गहू दळायच्या आधी सुपात मोजून घ्यावे लागतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घ्यायचं, सव्वा मूठ धरायची, मग त्या नावाचं मापभर धान्य ओतायचं. बायकांची मूठ नाही. दळण बायकांचं, चूल बायकांची, उपास बायकांचे, पण मूठ नाही. आणि ते पीठ घरच्यांनीच संपवायचं, शेजारी द्यायचं नाही, गुराला घालायचं नाही. लग्न होऊन गेलेल्या मुलीलाही चालत नाही.

लग्न होऊन आले तेव्हा ह्याचं मला काही वाटलं नव्हतं. माहेरीही तेच होतं. सूप सासूबाईंच्या हातात असायचं. मुलगा झाल्यावर तीन मुठी झाल्या, सासरे, हे आणि तो. सासरे गेले त्या श्रावणात सासूबाईंचा हात सवयीने त्यांच्या नावाला गेला, मूठ भरली, आणि तशीच थांबली. मग त्यांनी गहू परत डब्यात सोडले. “मरेलनी धरतस नही,” एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या नावाला लागल्या. मेलेल्याची मूठ नसते. तेव्हा मला त्या बाईची कीव आली होती. पुढे फार काळ आली नाही.

माझी मुलगी माघारी आली ती थंडीत, भरताची वांगी बाजारात आली होती तेव्हा. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. चार पायऱ्या चढली की धाप लागायची, पाय सुजायचे. सासरच्यांना आधी वाटलं नाटकं करते, मग वाटलं अंगात रक्त कमी आहे. शेवटी कळलं की हृदयाची झडप लहानपणापासून खराब आहे. जावई तिला आमच्या दारात सोडून गेले. चहा घेतला, केळ्यांची फणी ओट्यावर ठेवली, म्हणाले, “बरी झाली की घेऊन जाऊ.” मोटरसायकल वळेपर्यंत ही दारात हात हलवत उभी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण पोरीच्या तोंडाकडे पाहून केळी उचलून आत नेली.

रिकामं बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. सकाळचं ऊन अंगणात आलं की माझी जुनी लुगडी, साड्या घेऊन गोधडी शिवायला बसायची. “सासरी न्यायला होईल,” म्हणायची. “तिथे थंडी लई असते मम्मी, घर नदीकाठी.” काठाकडून मध्ये टाके घालत यायचं, हळूहळू मधला चौकोन लहान होत जातो. तिचे टाके असे बारीक, की सासूबाई चष्मा लावून पाहायच्या आणि नावं ठेवायला काही सापडलं नाही की चष्मा काढून ठेवायच्या. दहा टाके घातले की सुई थांबायची. छाती वर-खाली होताना मला दिसायची. मी काही म्हणायला गेले की लगेच, “काय देखस माझ्याकडे? तुझी भाजी करपली बघ!”

सासूबाई काही राक्षस नव्हत्या, हेही सांगायला पाहिजे. रोज सकाळी तिच्या पायाला त्याच तेल लावायच्या, सूज दाबून पाहायच्या, आणि मला म्हणायच्या की आज कमी आहे. कमी नसायची.

फाल्गुनात तिला तपासायला नंदुरबारला नेलं. शहराच्या अलीकडे दोन्ही बाजूंना मिरची वाळत घातलेली, डोळ्यांत जाणारा तो वास. आम्हाला त्याची सवय, पण पोरीला असा ठसका लागला की रिक्षावाल्याला थांबवावं लागलं. खाली उतरवून पदराने तिचं नाक-तोंड झाकलं, तर ही पदराआडून हसत म्हणते, “मरणार तर मिरचीनेच मरू दे, लोकांना सांगायला तरी बरं.” मी तिच्या पाठीत धपाटा घातला. मग तीच पाठ चोळत बसले.

डॉक्टरांनी आत बोलावलं ते आम्हा दोघा नवराबायकोला. आता शरीराला ऑपरेशन झेपणार नाही, गोळ्या चालू ठेवा, जपा. हे बाहेर येऊन भिंतीला टेकून उभे राहिले. मी तिला सांगितलं, डॉक्टर म्हणाले सुधारणा आहे. तिने ऐकून घेतलं. परतीच्या वाटेवर मिरचीची पथारी आली तेव्हा तिने स्वतःच पदर नाकाला लावला आणि म्हणाली, “मम्मी, तुला खोटं बोलता येत नाही.”

उन्हाळ्यात बिबड्या घातल्या. ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाच्या ह्या पापड्या आमच्याकडे गच्चीवर धोतरावर थापतात. तिला जिना चढायची बंदी. ती खाली कढईजवळ बसून हुकूम सोडायची. तीळ घाला, मीठ कमी आहे, पातळ थापा. वरून सासूबाई ओरडायच्या, “तू ये ना मंग वर, बठ्ठं समजस तर!” दोघी भांडत होत्या आणि मी मधल्या पायरीवर परात घेऊन उभी. त्या वेळी वाटलं, हे असंच राहिलं तरी चालेल. बरी नको होऊ दे, पण अशीच राहू दे. आईच्या मनात असलं मागणं येतं म्हणजे काय दिवस असतील!

पाऊस पडल्यावर तिने मोरीच्या पाण्यावर गिलक्याचं, म्हणजे घोसाळ्याचं बी लावलं आणि मोरीच्या पत्र्यावर वेल चढवायला सुतळ्या बांधून घेतल्या. रोज सकाळी भिंतीला धरून तिथवर जायची, वेल किती चढला ते पाहायची. सासरहून फोन येणं आषाढात थांबलं. हिने केला तर उचलायचे नाहीत, उचलला तर म्हणायचे, शेतात आहोत. नवरा नुसता “हं, हं” करायचा. त्या दिवसांत एकदा भाजी निवडताना ती मला म्हणाली, “मम्मी, औंदा मन्ही बी मूठ धराले सांग ना आजीले.”

मी म्हटलं, तुला काय करायचंय मूठ घेऊन?

“ज्याचं नाव सुपात, तो घरातला. मी आता कुठली आहे, ते तरी कळेल.”

ती मेथीच्या काड्या मोडत राहिली. तिला बरं व्हायचं नाही हे ठाऊक होतं, आणि कुणाच्या तरी घरातली होऊन मरायचं होतं. एवढंच मागितलं तिने. साडी नाही, दागिना नाही, सव्वा मूठ गहू.

मी सासूबाईंना विचारलं. आधी गोडीने, मग चिडून. त्या डब्यातले गहू पाखडत होत्या. “आंडेर शे ती,” म्हणाल्या. “लगीन व्हयनं, आते तिन्ही मूठ तठे.” लग्न झालेली लेक, तिची मूठ आता सासरी.

ओसरीवरून हिने ऐकलं. “तठे बी बायास्नी धरतस नही, आजी,” ती म्हणाली.

सासूबाईंचं सूप थांबलं. पण त्या जुन्या बाईला देवीची भीती होती. नातू सुरतला कंपनीत, रोज रात्रपाळी, मशीनवर हात. रीत मोडली आणि त्याला काही झालं तर? हे त्यांनी मला तोंडावर सांगितलं. मी म्हटलं, “एक नातू दिसतो, नात दिसत नाही?” हे मध्ये पडले, म्हणाले, सणासुदीला घरात वाद नको. हो, ह्यांना नेहमीच वाद नको असतो!

दोन मुठी धरल्या गेल्या. मुलगा सुरतहून आला, कानबाई बसली, केळीचे खांब, नथ घातलेला नारळ, रात्रभर गाणी. बहिणीला त्याने खुर्चीत बसवून देवीसमोर आणलं. आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात दोन चुलींचा संसार सुरू झाला. गॅसवर रोट, आणि मागच्या पडवीत मातीच्या चुलीवर माझ्या लेकीसाठी वेगळ्या पिठाची भाकरी. सगळे पंगतीत रोट खायचे आणि ती भिंतीकडे बसून भाकरी कुस्करायची. “मी पाहुणी,” म्हणायची भावाला. “पाहुण्यांना चांगलं वाढा.” तो ताट तसंच ठेवून उठायचा.

तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. सासूबाई देवळात गेलेल्या पाहून रोटाचा तुकडा तुपात बुडवला आणि तिच्या तोंडाशी नेला. तिने तोंड मिटून घेतलं. मी म्हटलं, खा गं, देवी काय माझ्या लेकीच्या घासावर टपून बसली आहे? तर ती माझा हात खाली करत म्हणाली, “नको मम्मी. मूठ धरली असती तर खाल्लं असतं. उगीच भाऊला काही झालं तर?”

मला वाटायचं ती आजीशी भांडते म्हणजे तिला ते खरं वाटत नाही. तिला सगळं खरं वाटत होतं. तो तुकडा मी परत टोपलीत ठेवला.

भाद्रपदात ती गेली. सकाळी वेलाला आलेलं गिलकं काढायला म्हणून उठली, मोरीच्या भिंतीशी बसली ती उठली नाही. मी पीठ मळत होते. हाक मारली, ओ नाही, मग मळल्या हातांनीच धावले. अजून ऊब होती. ओढणीत दोन कोवळी गिलकी होती.

सासरचे दुपारपर्यंत आले, चांगली गाडी घेऊन, भाऊबंदांसह. इतके महिने ज्यांना वाट सापडत नव्हती, त्यांना त्या दिवशी बरोबर सापडली. सून त्यांची, अग्नी त्यांनीच द्यायचा, रीतच आहे. जिवंत होती तेव्हा बरी झाल्यावर नेणार होते, मेल्यावर लगेच न्यायला आले. मी गाडीच्या दाराला धरून ओरडले, “आता कसाले आले? आता कुठलं घर आठवलं?” बायकांनी मला मागे ओढलं. गोधडी मी तिच्या अंगावर घातली. मधला चौकोन शिवायचा राहिला होता, सुई तशीच टोचलेली होती, ती काढून घेतली. गोधडी पोचली सासरी. जावयांनी पुढच्या उन्हाळ्यात दुसरं लग्न केलं.

वेल दिवाळीपर्यंत गिलकी देत राहिला. मी तोडली नाहीत. वाळून, काळी पडून पत्र्यावर खडखडत राहिली.

त्या वर्षभरात सासूबाईंच्या हाताला कंप सुटला. पुन्हा श्रावण आला तेव्हा त्यांनी सूप माझ्यापुढे सरकवलं. म्हणाल्या, “आते तू धर.” इतक्या वर्षांनी सूप माझ्या हाती आलं. मी ह्यांचं नाव घेतलं, मूठ धरली, माप ओतलं. मुलाचं नाव घेतलं, मूठ धरली, माप ओतलं. मग तिसरी मूठ भरली.

“ही कोनी?” सासूबाईंनी विचारलं.

मी लेकीचं नाव घेतलं. घरात वर्षभर कुणी ते मोठ्याने घेतलं नव्हतं.

“मरेलनी धरतस नही.”

“जित्ती व्हती तव्हय का नही धरी मंग?”

जिवंत होती तेव्हा मुलगी म्हणून नाही, आता मेली म्हणून नाही. बोटांतून दाणे गळत होते. मी गहू सुपात सोडले आणि वर माप ओतलं, शिगोशीग. हे दारात उभे होते. ह्या वेळी मध्ये पडले नाहीत.

मला वाटलं होतं बरं वाटेल. काही वाटलं नाही. रोट झाले, तिघांच्या वाटचे. मुलगा जेवून सुरतला परत गेला, ह्यांचं खाणं आधीच कमी, आणि माझ्या घशाखाली तिच्या नावाचा घास उतरेना. टोपलीत रोट उरले. टाकता येत नाहीत, कुणाला देता येत नाहीत, गाईलाही नाही. पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचे.

ते सासूबाईंनी खाल्ले. तोंडात दात नाहीत, म्हणून दुधात कुस्करून, सकाळी एक, संध्याकाळी एक. भिंतीकडे, जिथे पोरगी भाकरी घेऊन बसायची तिथेच बसायच्या. हात कापायचा, दूध लुगड्यावर सांडायचं, डोळ्यांतलं पाणी वाटीत पडायचं आणि त्या चावत राहायच्या. मी वाढत होते. पुरे म्हणा, राहू द्या, असं मी एकदाही म्हटलं नाही. शेवटचा रोट संपला तेव्हा त्यांनी बोटाने वाटी पुसून घेतली, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “संपनं वं माय तिन्हं,” आणि वाटी माझ्याकडे दिली. मी ती मोरीवर नेऊन घासली.