वेलांटीमावशींची लाल शाई

परीक्षक म्हणून बोलावणं आलं आणि वेलांटीमावशींचे पाय जमिनीवर ठरेनात. सगळी नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेली. दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढता काढता हे नाव चिकटलं ते कायमचं. निवृत्त झाल्यापासून मात्र त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. आता वाचनालयानं विचारलं होतं. लढाईत गेलेल्या सैनिकांच्या आठवणीत शाळेच्या मुलांनी कविता लिहिल्या होत्या, चित्रं काढली होती. कविता तपासाल का? मानधन मिळणार नाही.

"मानधनाचं काय घेऊन बसलात, मान आहे ना!" मावशी म्हणाल्या आणि फोन ठेवल्या ठेवल्या इस्त्री तापत टाकली.

थोरला भाऊ पेपर वाचत होता. "अगं, परीक्षा मुलांची आहे, तुझी नाही. आणि सगळ्यांना नापास करून येऊ नकोस म्हणजे झालं."

"तू नको सांगूस. तुझ्या लग्नपत्रिकेत 'वधू' ऱ्हस्व पडली होती. मी दीर्घ केली म्हणून संसार टिकला तुझा."

वहिनी आतून खो खो हसली. भावानं पेपर आणखी वर धरला.

वाचनालयाच्या माडीवर दोरीला चिमट्यांनी चित्रं टांगली होती आणि लांब टेबलावर कविता मांडल्या होत्या. ग्रंथपालबाईंनी मावशींच्या छातीवर 'परीक्षक' असा बिल्ला लावला आणि नियम सांगितले. कवितांवर फक्त क्रमांक, मुलांची नावं बाईंजवळ. नाव कळलं की परीक्षकपद गेलं. कागदावर काही लिहायचं नाही, खाडाखोड झालेला कागद बाद. मावशी प्रत्येक नियमाला मान डोलावत होत्या, पण खरं सांगायचं तर त्यांचं निम्मं लक्ष बिल्ल्यावर होतं.

कविता वाचताना त्यांना भान राहिलं नाही. कुणाच्या कवितेत तोफा गडगडत होत्या, कुणी आकाशाला रडवलं होतं. मावशी मधेच "वा!" म्हणत, मधेच "अरे देवा, यमक बघा!" म्हणून बाईंना हाक मारत. मग एक छोटी कविता हाती आली.

मामा झाडावर चढतो.
मामा शीळ घालतो, मी खिडकी उघडते.
मामा माझी वेणी वाकडी घालतो.
मामा लढाईत मेला.

शेवटची ओळ भूतकाळात, म्हणजे वरच्या सगळ्या चुकल्या! मावशींचा हात शिवशिवला. पर्समधलं लाल पेन कधी बाहेर आलं, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. 'चढतो'चं 'चढायचा', 'घालतो'चं 'घालायचा', 'उघडते'चं 'उघडायचे', सगळं कसं सुबक अक्षरात. मग सवयीनं त्यांनी दुरुस्त मजकूर पुन्हा वाचला आणि लाल पेन खाली ठेवलं. पोरीनं जपून जिवंत ठेवलेला मामा मावशींनी ओळीओळीत मारून टाकला होता.

"बाई," त्या कशाबशा म्हणाल्या, "मी माती खाल्ली."

ग्रंथपालबाईंनी कागद पाहून कपाळाला हात लावला. "हा कागद आता बाद, मावशी."

"असं कसं बाद? चूक माझी आणि शिक्षा पोरीला? तिच्याकडून नवीन प्रत आणते मी. मुदत आहे ना अजून?"

"संध्याकाळपर्यंत आहे. पण त्यासाठी नाव सांगावं लागेल तुम्हाला. मग..."

मावशींनी बिल्ला काढून टेबलावर ठेवला. तो काढताना वाईट वाटलं, फार वाटलं. "कविता तुम्ही तपासा. नाव सांगा लवकर."

त्या वयात मावशी इतक्या भरभर चालू शकतात हे रस्त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. शाळेच्या मैदानावर मधली सुट्टी चालू होती. शिपायानं हाक मारली तशी दोरीवरच्या उड्या सोडून एक किडकिडीत मुलगी धापा टाकत आली. आपला कागद बघून तिचा चेहरा उतरला.

"हे कुणी केलं?"

"मी. मला वाटलं तुझं चुकलंय. चुकलं माझंच. तुझ्या हातानं पुन्हा लिहून देशील? अगदी होतं तसंच."

मुलगी लाल अक्षरांकडे बघत राहिली. "आई पण असंच म्हणते. चढायचा, घालायचा. घरात सगळेच म्हणतात. 'चढतो' मी एकटीच म्हणते."

मावशी कट्ट्यावर बसल्या, पर्समधून कोरा कागद काढला, मुलीच्या हातात आपलं निळं पेन दिलं आणि तिला शेजारी बसवलं.

"लिही. आणि लिहिता लिहिता सांग मला, अजून काय काय करतो मामा?"

मुलीनं चमकून वर पाहिलं. मग पेन तसंच हातात धरून ती जी बोलायला लागली, ती घंटा झाली तरी थांबेना.