पाचव्या प्रश्नाचं उत्तर

"पेनं खाली ठेवा. पहिल्यांदा फक्त ऐकायचं," मॅडम म्हणाल्या.

दहावीचं वर्ष होतं. मुरुम गावाजवळच्या आमच्या शाळेत इंग्रजी ऐकण्याचा सराव चालला होता. उतारा दोनदा ऐकवला जायचा. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं, दुसऱ्यांदा ऐकता ऐकता उत्तरं लिहायची. मोबाइलवरचे उतारे आमच्या डोक्यावरून जायचे. त्यातली माणसं विमानतळावर हरवायची, नाहीतर बर्फात घसरायची. म्हणून त्या दिवशी मॅडमनी स्वतः उतारा लिहून आणला होता. "तुमच्या ओळखीचा विषय घेतलाय," म्हणाल्या. मी कान टवकारून बसले. इंग्रजी मला आवडायचं.

मॅडम वाचू लागल्या: एका गावात एक दयाळू कुटुंब होतं. त्यांच्याकडं एक मोलकरीण भांडी घासायला यायची. तिची मुलगी हुशार होती, पण तिला थंडीत स्वेटर नव्हता. त्या घरच्या बाईंनी आपल्या मुलीचा जुना निळा स्वेटर तिला दिला. त्याच्या खिशावर पांढरं बदक होतं.

माझी आई मॅडमच्या घरी भांडी घासायची. त्यांची मुलगी पहिल्या बाकावर होती. निळा स्वेटर माझ्या अंगात होता. मी बदकावर हात ठेवला, पण सगळा वर्ग मागं वळून बघत होता. सगळ्यात कच्च्या पोरालाही त्या दिवशी इंग्रजी समजलं. मॅडमचा चेहरा खुलला. आपण या पोरीचं भलंच करतोय, असं त्यांना मनापासून वाटत होतं. याचीच मला आजही जास्त चीड येते.

"आता पेनं घ्या."

परत तेच सगळं. सावकाश, एकेक शब्द सुटा. चार प्रश्नांची उत्तरं मी लिहिली, कारण ती येत होती. पाचवा प्रश्न होता, मुलीला कृतज्ञ का वाटलं?

तिथं माझं पेन थांबलं. मॅडमनी नेमकं मलाच उभं केलं. "तू सांग. पूर्ण वाक्यात."

"मॅडम, ह्याचं उत्तर उताऱ्यात न्हाय."

"म्हणजे?"

"मुलीला काय वाटलं, ते आलंच न्हाय. ती एकदाबी बोलत न्हाय. मनचं लिहायचं नाही, असं तुम्हीच सांगितलंय."

मॅडमचा आवाज चढला नाही. "स्वेटर घालताना बरं कळलं," एवढंच त्या म्हणाल्या. "बस खाली."

घरी आईला मी उतारा मराठीत सांगितला. तिचा भाकरी थापायचा हात थांबला. "परत सांग," म्हणाली. परत सांगितला. मग तिनं विचारलं, "माझं नाव व्हतं का त्यात?"

"न्हाय."

ती पुढची भाकरी थापायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून मॅडमचा सांगावा घेऊन आली. पोरगी माफी मागत नसेल तर उद्यापासून येऊ नका. "म्हण की एक शबूद," आई म्हणाली. "तुझं काय जातंय?" त्या कामावर आमची चूल पेटत होती, हे मला ठाऊक होतं. तरी मी न्हाय म्हणाले. काम गेलं. आई कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. स्वेटर मी पुन्हा अंगात घातला नाही. आई त्यानं चुलीवरचं पातेलं उतरवायची. बदक जळून काळं पडलं.

आता मी स्वतः एका शाळेत इंग्रजी शिकवते. उतारा वाचायला घेतला की माझ्या घशातून मॅडमचाच आवाज येतो. मी दचकून थांबते. कुठल्या पोरीचा हात कशावर आहे, ते आधी बघते.

परवा धाराशिवला एका कार्यक्रमात मॅडम भेटल्या. थकल्यात आता. माझा हात धरून चारचौघांना सांगू लागल्या, "हिची आई आमच्याकडं कामाला होती. हिला थंडीत स्वेटर नव्हता..." सगळा उतारा परत. बोलून झाल्यावर त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. आजूबाजूचे पण बघत राहिले.

मी हात सोडवून घेतला.

"माझ्या आईचं नाव शेवंता," मी म्हणाले.

मी पुढं काहीतरी बोलेन म्हणून त्या थांबल्या होत्या. पाचव्या प्रश्नापुढची जागा मी तेव्हा कोरी सोडली होती. मरेपर्यंत ती भरणार नाही.