हात न लावता

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीनं तिच्या जिम्नॅस्टिक्सच्या क्लासमधल्या बीमवर चालून दाखवलं आणि विचारलं, "आजी, आपल्याकडे कुणी हे केलंय का?" माझ्या शेजारी मावशीआजी बसली होती. ती बोलत होती, पण तिचे शब्द आता एकमेकांत अडकतात. तुम्ही दोघं "आवाज येत नाही" म्हणत राहिलात. आवाज येत होता. म्हणून मी हे लिहिते आहे, तिला विचारून खात्री करून घेता येते आहे तोवर.

हो, केलंय. तिनंच, माझ्या धाकट्या बहिणीनं.

आधी बीमविषयी, म्हणजे त्या उंचावरच्या लांब, अरुंद तुळईविषयी. ही स्पर्धा फक्त बायकांची. पुरुषांच्या जिम्नॅस्टिक्समध्ये बीम नसतो. रुंदी माझ्या पंज्याएवढी, उंची तेव्हा तिच्या छातीपर्यंत. तुमच्याकडच्या बीमवर मऊ आवरण आहे, खाली जाड गादी आहे. आमच्या शाळेतला बीम नुसत्या लाकडाचा होता, पावलांनी गुळगुळीत झालेला, आणि खाली काथ्याची दबलेली गादी. जगभरच्या स्पर्धांतही पूर्वी उघडं लाकूडच असायचं. मुली त्यावर चालत, वळत, एका पायावर तोल धरून उभ्या राहत. मग परदेशातल्या एका लहान चणीच्या मुलीनं त्यावर मागे कोलांटी मारली आणि सगळं पालटलं. पुढे बीमला आवरण आलं, कोलांट्या वाढत गेल्या, चालणं मागे पडलं. आपल्याकडे हे वारं उशिरा पोचलं. मावशीआजी चालण्याच्या काळातली.

आमच्या क्रीडाशिक्षकांकडे नियमांचं इंग्रजी पुस्तक होतं. माझं इंग्रजी बरं, म्हणून ते वाचून तिला मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्यातले दोन नियम तिनं कायमचे धरून ठेवले. शेजारी कुणी उभं राहिलं तर चालतं, पण हात लागला तर मार्क कापतात. आणि पडलं तर दहापर्यंत मोजून व्हायच्या आत परत चढायचं, नाहीतर तिथंच संपलं.

सुट्टीत आमच्या गावी, कन्नडला गेलो की वडील गोठ्यातली एक जुनी तुळई दोन दगडांवर टाकून द्यायचे. ती वरून चालायची आणि मी शेजारून, दोन्ही पंजे तिच्या कमरेपासून वीतभर लांब धरून. आत्या ओट्यावर बसून बघायची.

"लई शानी झाली गं! बकरी बी सरळ वाटेनं जाती."

"आत्या, बकरीला मार्क मिळत नाहीत."

"आन् तुला मिळत्यात व्हय? आण इकडं, भाजी करू त्याची."

राज्य स्पर्धेत ती वळताना पडली. मोजणं संपायच्या आत वर होती. तिसरी आली. नंतर लग्न झालं आणि बीम सुटला.

तिचे यजमान गेल्यापासून ती माझ्याकडे राहते. दोनेक वर्षांपूर्वी ती भिंत धरून चालू लागली. तोल सांभाळणारा मेंदूचा भाग झिजतो आहे, असं डॉक्टर म्हणाले. औषध नाही, चालवत राहा. तिचं मागणं एकच होतं: पलंगापासून व्हरांड्यापर्यंत आपल्या पायांनी, कुणी न धरता जायचं. मध्ये शहाबादी फरशीची एक रांग आहे. बीमच्या कितीतरी पट रुंद.

व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. "काकू, यांच्या कमरेला पट्टा बांधायचा आणि तो सोडायचा नाही," असं ती मला बजावून गेली. तिची स्कूटी फाटकाबाहेर पडली न पडली तोच हिनं पट्टा काढून टाकला.

"हात लावायचा नाही."

"अगं, पडशील."

"हात लागला की मार्क गेले."

"इथं कोण कापतंय मार्क?"

"तूच. पुस्तक कुणी वाचलं होतं, ताई?"

मी रागावले, विनवलं. पट्ट्याशिवाय चहा मिळणार नाही, असंही म्हणून पाहिलं. तिनं चहा सोडला. शेवटी मी पुन्हा शेजारून चालू लागले, पंजे वीतभर लांब धरून. निघण्याआधी ती पलंगाची कड सोडून उजवा हात वर करायची, हनुवटी उचलायची, स्पर्धेत परीक्षकांना अभिवादन करतात तसं. मग पाऊल टाकायची, आणि ते तिनं ठरवलेल्या जागी पडायचं नाही.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी ती व्हरांड्याच्या दाराशी पडली. माझे हात तिथंच होते. वीतभराचं अंतर, पण मला ते वेळेत ओलांडता आलं नाही.

"मोज," ती खालून म्हणाली.

"वेडी आहेस का? हलू नकोस."

"मोज गं."

मी मोजू लागले. ती कोपरावर आली. गुडघा काही ऐकेना. मी जमेल तितकं सावकाश मोजत होते.

"नऊ."

ती थांबली. "पुढं?"

"आठवत नाही."

"म्हणे इंग्रजी शिकलेली," ती म्हणाली आणि तिनं डोकं फरशीवर टेकलं.

शेजारच्या नवरा-बायकोनं तिला उचललं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. राहणारही नाही, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. औषधं वेळेवर देते, चादरी रोज बदलते, खुर्चीच्या चाकांना तेल घालते. त्यातल्या कशानंही ती उभी राहत नाही.

परवा धाकटी चालत होती तेव्हा पांघरुणाखाली हिचे चवडे ताणले गेलेले मी पाहिले. तुम्हाला न कळलेलं तिचं बोलणं असं होतं: "पायाकडे बघू नकोस. बीमच्या टोकाकडे बघ."

तिचं चालणं गेलं आहे, बोलणं जात आहे. सकाळी खुर्चीत घेण्याआधी मी तिला पलंगाच्या कडेला बसवते. थोडा वेळ ती टेकू न घेता, पावलं जुळवून ताठ बसते. उजवा हात वर करते आणि मी मान हलवेपर्यंत खाली घेत नाही. एवढं अजून आहे.