कर्ण्यावरचं नाव

कुरवंड्याची कस्तुरा चालायला लागली की सोबतच्या बायका पहिल्याच चढाला दम खात बसायच्या, आणि ही तोवर दिसेनाशी व्हायची. डोक्यावर दुधाची चरवी, पायात काही नाही, आणि दोन कोसांवर लोणावळं. बंगलेवाल्यांना सकाळच्या चहाला दूध लागे. जरा उशीर झाला की बोलणी खावी लागत. म्हणून सपाटी आली की कस्तुरा सरळ पळायची. चरवीतला थेंब सांडेल तर शपथ.

त्या काळातलं लोणावळं आता सांगून कुणाला पटायचं नाही. वैशाखात पुण्या-मुंबईचे लोक हवा खायला येत, आणि दुपार सरेना म्हणून मैदानावर शर्यती भरवत. चुन्याच्या फक्कीनं रेघा आखलेल्या, कडेला करवंदांचे द्रोण घेऊन बसलेल्या ठाकरणी, आणि मधोमध खुर्चीवर पुण्याचे एक पेन्शनर मास्तर पंच म्हणून. त्यांच्याजवळ पत्र्याचा मोठा कर्णा असे. त्यातून ते पुकारायचे, "पहिला, भिमाजी, मुक्काम कामशेत," आणि ते नाव पार बाजारपेठेपर्यंत ऐकू जायचं. पान लावणारासुद्धा हात थांबवून ऐकायचा. कसले छान दिवस होते.

रिकामी चरवी घेऊन परतताना कस्तुरा त्या कर्ण्यापाशी उभी राहायची. लग्न होऊन आली त्याला बारा वर्षं झाली होती, आणि बारा वर्षांत तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं. सासू बयाबाई तिला पोरी म्हणे, बंगल्यावर ती दूधवाली, गावात रखमाजीची बायको. खुद्द रखमाजी "अगं ए" म्हणून भागवायचा. चारचौघांत बायकोचं नाव घेणारा पुरुष म्हणजे अगदीच बाइलवेडा, असं तेव्हा मानत. रखमाजी तसा देवमाणूस, पण लाजाळू इतका की लग्नात घेतलेल्या उखाण्यानंतर ते नाव त्याच्या जिभेवर आलंच नव्हतं. कस्तुराला एकदा, फक्त एकदा, ते कर्ण्यातून ऐकायचं होतं.

अडतीस साली बायकांची शर्यत ठेवली. नियम काय, तर डोईवरचा पदर खाली आला की बाई बाद. पळा म्हणायचं आणि पदरही सांभाळा म्हणायचं. कस्तुरा सगळ्यांच्या पुढे होती. दोरी चार हातांवर राहिली आणि वाऱ्यानं पदर मागे गेला. मास्तर म्हणाले, "पळालात छान बाई, पण पदर पडला." बक्षीस मागून आलेल्या रतनबाईला गेलं.

आणि त्याच दिवशी, त्याच मैदानावर, पुरुषांच्या शर्यतीत गेणू नावाच्या एका गड्याचं धोतर सुटलं. पठ्ठ्यानं ते काखोटीला मारलं आणि लंगोटावर पळत पहिला आला. लोक हसून हसून बेजार झाले, मास्तरही हसले, आणि कर्ण्यातून गेणूचं नाव पुकारलं गेलं. जळला मेला असला न्याय.

घरी बयाबाईला कळलं तेव्हा तिचा संताप झाला. सून पळाली म्हणून नाही, उघड्या डोक्याची ठरवून तिला बाहेर काढली म्हणून. पुढच्या वैशाखात शर्यतीच्या दिवशी सकाळीच तिनं सुई-दोरा काढला आणि कस्तुराला पुढ्यात बसवलं.

"त्वांडात काडी धर," बयाबाई म्हणाली. अंगावरचं कापड शिवताना दातात काडी धरतात, नाहीतर वाईट होतं म्हणतात.

"काय करताय, आत्याबाई?" काडी दातांत धरण्याआधी कस्तुरानं विचारलं.

"पदर बुचड्याला टाचते. वारा काय, वादळ आलं तरी हालायचा न्हाई. आता पळ जा."

बयाबाईनं टाके असे घट्ट घातले की कस्तुराच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तोंडात काडी, बोलायची सोय नाही.

त्या दिवशी ती पळाली ती बघण्यासारखी पळाली. कासोटा घट्ट, पदर जागच्या जागी, आणि नजर दोरीवर. दुसरी बाई दहा पावलं मागे. दोरी छातीला लागली आणि कस्तुरा धापा टाकत कर्ण्याकडे बघत उभी राहिली.

मास्तरांनी कागद पुढे ओढला. परक्या बाईमाणसाला थेट नाव कसं विचारायचं म्हणून त्यांनी गर्दीतल्या रखमाजीला बोलावलं आणि विचारलं, "बाईंचं नाव काय?"

रखमाजीच्या भोवती हजारभर माणसं. कुणीतरी ओरडलं, "घ्या की पाव्हणं, उखाण्यात घ्या." हशा पिकला. कस्तुरा दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिला स्वतःला सांगता आलं असतं, पण विचारलं होतं त्याला, आणि तो सांगेल अशी तिची खात्री होती. रखमाजीनं खाली बघितलं आणि पुटपुटला, "आमचं कुटुंब हाय, सायब."

मास्तरांनी तेच लिहून घेतलं. कर्ण्यातून आवाज गेला, "पहिला नंबर, रखमाजी यांचं कुटुंब, मुक्काम कुरवंडे." बक्षिसाचा खण रखमाजीच्या हातात दिला. टाळ्याही त्यालाच.

परतताना गावाच्या अलीकडे, दरीची बाजू उघडी पडते तिथं, रखमाजी थांबला. इकडेतिकडे कुणी नाही हे बघून त्यानं खच्चून हाक मारली, "कस्तुरा!" दरीनं ती परत दिली.

"ऐकलंस?" तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

"माजं नाव मला ठावं हाय," कस्तुरा म्हणाली. "ते त्यांना ऐकवायचं व्हतं."

त्याच साली लढाई सुरू झाली आणि शर्यती बंद पडल्या, त्या कायमच्या. बाई तिशीच्या पुढे गेली. ती संधी काही परत आली नाही. फार वाईट वाटतं.

पण त्या शर्यतीनंतरच्या पहिल्याच बाजाराला कामशेतच्या भर पेठेत रखमाजीनं बायकोला नावानं हाक मारली. कान लाल झालेले, आवाज कापरा, पण मारली. भाताच्या पोत्यांवर बसलेले लोक खिदळले. त्यानंतर तो मरेपर्यंत तिला नावानंच हाक मारत राहिला, बाजारात, लग्नात, देवळापुढे. कस्तुरा मात्र पहिल्या हाकेला कधीच वळायची नाही. आणखी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी दुसरी हाक येईपर्यंत ती तशीच पाठमोरी उभी राहायची.